खुशाली नेणारी बाई

आईला जाऊन वर्ष झालं आणि मी पन्नाशी ओलांडल्यावर पीएचडीला नाव घातलं. कॉलेजात सगळ्यांना वाटलं, बाईंना आता हौस सुचली. हौस कसली डोंबलाची. वर्ग संपवून अलिबागच्या माझ्या दोन खोल्यांत परत आलं की संध्याकाळ अंगावर यायची. आई होती तेव्हा तिची औषधं, तिची पेज, तिची कुरकुर यात दिवस भरलेला असायचा आणि मी रोज मनात म्हणायचे, कधी एकदा मोकळी होते. मोकळी झाले तेव्हा लक्षात आलं, की मोकळं होऊन जायचं कुठे ते काही ठरवलेलं नव्हतं.

मी मानसशास्त्र शिकवते. दुसऱ्यांच्या मनाची चौकशी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तेव्हा विषयही तसलाच मिळाला. माणसाचं मन कितपत सुखात आहे हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली होती. ती आमच्या किनाऱ्यावरच्या साठीपुढच्या माणसांसाठी मराठीत बसवायची, आणि बसवल्यावर ती खरोखर तेच मोजते की भलतंच काही, हे तपासायचं. माझ्या मार्गदर्शक मॅडम मुंबईच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या प्रौढांसाठी हे काम कसं केलं जातं त्याचे कागद माझ्यापुढे टाकले आणि म्हणाल्या, याच वाटेने जायचं. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून पाहायचं, मग माणसांना विचारायचं. आणि पंधरा दिवसांनी त्याच माणसांकडे जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं तीच आली तर प्रश्नावली भरवशाची.

"आणि मधल्या दिवसांत माणूसच बदललं तर?" मी विचारलं.

"पंधरा दिवसांत काय बदलतंय," मॅडम म्हणाल्या.

अलिबागच्या दक्षिणेला वाड्यांची गावं आहेत. वाडी म्हणजे घरामागची नारळ-सुपारीची बाग, तिच्यात विहीर, आणि बाग संपली की वाळू. आता निम्म्या वाड्या मुंबईकरांनी घेतल्यात. तिथे बंगले झालेत, बंगल्यांना पोहण्याचे हौद झालेत. शनिवारी तिथे गाणी लागतात आणि सोमवारपासून सगळं चिडीचूप. उरलेल्या वाड्यांत राहतात ती साठीपुढची माणसं. त्यांची पोरं मुंबईला, नाहीतर पनवेलच्या बाजूला. अशा घरांत मी पिशवी खांद्याला लावून जायला लागले.

प्रत्येक वाक्यापुढे मी पाच गोल काढले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी वाक्य वाचायचं आणि समोरच्याने गोलावर बोट ठेवायचं. अजिबात लागू नाही तर सगळ्यात लहान, पुरेपूर लागू तर सगळ्यात मोठा. आणि काय सांगू, घरोघरी बोटं मोठ्या गोलावर. मला शांत झोप लागते, मोठा गोल, आणि सांगणारा गृहस्थ जांभयांवर जांभया देतोय. माझ्या आयुष्यात आनंद आहे, मोठा गोल, आणि सांगणारीचे डोळे सकाळपासून रडून सुजलेले. पहिले आकडे पाठवले तेव्हा मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्याकडे एवढं सुख असेल तर मी मुंबई सोडून तिकडेच येते."

मला राग आला तो माझ्या मराठीचा. वाटलं, वाक्यंच पुस्तकी झाली असतील. मी ती पुन्हा घासली, सोपी केली. तरी मोठे गोल हटेनात.

त्याचं कारण मला एका वाडीत कळलं. तिथे एक काकू एकट्या राहत होत्या. पासष्टीच्या आसपास, हाडकुळ्या, गाऊनवर खांद्याला टॉवेल. दोन्ही बाजूंच्या वाड्या विकल्या जाऊन तिथे बंगले उभे राहिलेले. मुलगा नवी मुंबईत नोकरीला, एक शनिवार सोडून एका शनिवारी यायचा. मी प्रश्न काढायच्या आधी त्यांनीच मला प्रश्न घातले. कुठली, कोणाची, जेवलीस का, घरी कोण. घरी कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पाटावरून उठून चहा ठेवला. मग सगळ्या वाक्यांना मोठ्या गोलावर धडाधड बोट ठेवून त्या मोकळ्या झाल्या. मी निघाले तर आतून दोन सोललेले नारळ घेऊन आल्या.

"हे त्याला दे. आणि आता बोलले ते सगळं सांग. आयस बरी हाय म्हणून."

"कोणाला द्यायचे?"

"पोराला माझ्या. पनवेलवरनंच जाशील ना मुंबईला?"

मी तिथेच पायरीवर बसले. प्रत्येक घरात शिरताना मी सांगत आले होते की हे काम मुंबईला जाणार आहे. वजन पडावं म्हणून सांगत होते. पण या गावांत मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर काय पाठवतात, तर नारळ आणि खुशाली. खुशालीत काय सांगायचं हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. घरात तापाने कोणी फणफणत असलं तरी जाणाऱ्याला सांगायचं, सगळं बरं हाय. पोरं परक्या जागी राबतात, त्यांच्या जिवाला घोर नको. हातात मोबाईल आले म्हणून ही रीत गेली नाही. फोनवर आवाज ऐकू येतो एवढंच, डोळ्यांनी बघून आलेल्या माणसाचा शब्द मोठा. मी आपली सुख मोजत फिरत होते, आणि गावंच्या गावं माझ्याबरोबर पोरांना खुशाली धाडत होती.

हे ऐकून मॅडम पोट धरून हसल्या, पण मग गंभीर झाल्या. स्पॅनिशवाल्यांच्या कागदांत याला उत्तर नव्हतं. आम्ही सगळं रद्द करून नव्याने सुरुवात केली. आता मी मुंबईचं नावच काढत नव्हते. आधी सांगायचे, मी अलिबागची, इथल्या कॉलेजात शिकवते. यातलं एक अक्षर तुमच्या मुलांपर्यंत, सुनांपर्यंत, शेजाऱ्यापर्यंत जाणार नाही. काहींचा विश्वास बसला नाही. ज्यांचा बसला त्यांची बोटं हळूहळू लहान गोलांकडे सरकली.

काकूंनी मला तीनदा विचारलं, "पोराला नाय कळणार?"

"नाही कळणार."

"आईची शपथ?"

"आई गेली माझी. पण शपथ."

मग त्यांनी पदराऐवजी टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, वाच. मी वाचलं, मनातलं बोलायला माझ्याजवळ माणूस आहे. त्यांनी सगळ्यात लहान गोलावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून बोलत राहिल्या. बंगलेवाले येतात तेव्हा कुंपणापलीकडून हात करतात, पण त्यांची पोरं इंग्रजीत बोलतात. दुपारी बागेला पाणी पुरेसं झालं तरी त्या पंप बंद करत नाहीत, कारण आवाज असला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. पावसाळ्यात विहिरीच्या कडेला शेवाळावरून पाय घसरला होता. हाडं शाबूत राहिली, पण उठता येईना. हाका मारल्या, कोणाला ऐकू गेल्या नाहीत. मग सावली फिरेपर्यंत तशाच पडून राहिल्या आणि सरपटत पडवीपर्यंत आल्या.

"मुलाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं तर येल आणि घेऊन जाईल. गिऱ्हाईक उभं करून ठेवलंय त्यानं. मी नको म्हणते म्हणून थांबलाय. मी एकदा बरं नाय बोलले, का वाडी गेली."

म्हणजे त्यांचं सगळं त्या दोन शब्दांवर तोललेलं होतं. बरं हाय म्हणत राहिल्या तर वाडी राहील आणि त्या एकट्या राहतील. मी फक्त गोलांवर खुणा करायला आलेली बाई. नियम असा, की माणसाला धीर द्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, पुढच्या फेरीपर्यंत भेटायचं नाही. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी परत येईन.

पंधरा दिवसांनी गेले तर पडवीत चटई घातलेली होती आणि केळीच्या पानाखाली घावने झाकलेले. प्रश्न तेच, मी त्याच क्रमाने वाचले. मनातलं बोलायला माझ्याजवळ माणूस आहे. काकूंचं बोट लहान गोलावरून उचललं गेलं आणि मोठ्याच्या अलीकडच्या गोलावर येऊन थांबलं.

"मागच्या वेळी..." मी नियम सोडून बोलले.

"मागच्या वेळी तू येणार होतीस का? आता आलीस."

मी कागद मांडीवर ठेवला. एखाद्या माणसाने आपण येणार म्हणून पंधरा दिवस वाट पाहावी, असं मला आई गेल्यावर पहिल्यांदाच भेटलं होतं. मॅडमनी नंतर ते दोन आकडे पाहिले आणि म्हणाल्या, हे वाक्य अस्थिर दिसतंय. मी म्हटलं, वाक्याला काही झालेलं नाही, माणूस बदललंय. माझी भेटच त्यात मिसळली, तेव्हा या बाईंचा कागद आपण बाजूला काढू या. कागद बाजूला काढला, आणि मग नियमही उरला नाही. मी दर रविवारी काकूंकडे जायला लागले.

जाऊन काय करायचे, तर काही नाही. त्या सुपारी सोलायच्या, मी त्यांच्यासमोर बसून सोलण्याचं सोंग करायचे. माझ्या हातून एक सोलून होईतो त्यांचा ढीग व्हायचा, आणि त्या म्हणायच्या, "ठेव ती, तुझी पीएचडी कर." शेजारच्या बंगल्याचा राखणदार, माडावर चढायला न मिळणारी माणसं, माझी आई, त्यांचे यजमान, सगळ्यांवर बोलून व्हायचं. सोमवार ते शनिवार मी कॉलेजात बोलायचे ते पगारासाठी. मनातलं बोलायचे ते इथेच. हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीही मोठ्या गोलावर बोट ठेवलं असतं.

एके दिवशी त्यांचा मुलगा कॉलेजात आला. चाळिशीचा, केस विरळ झालेला, गळ्यात अजून ऑफिसचा पट्टा. आई म्हणाली होती कॉलेजच्या बाई येतात म्हणून, तर शोधत आला.

"मॅडम, स्ट्रेट विचारतो. आई फोनवर काय बोलते, बरं हाय. गेलो तरी बरं हाय. मला झोप लागत नाय हो. एक पार्टी आहे, वाडीला रेट चांगला देते, पण पैशाचं सोडा. तिथे ती पडली-बिडली तर कोण बघणार? तुमच्याशी ती बोलते. ती बरी आहे का नाय, एवढंच सांगा."

सांगता येणार नाही, असं म्हणायचा मला हक्क होता, नव्हे ते माझं काम होतं. पण हा याच किनाऱ्यावरचा माणूस. इथे खुशाली विचारल्यावर जो बरं आहे म्हणत नाही, त्याने वाईट बातमी सांगितलीच म्हणून समजतात. मी गप्प बसले असते तर त्याने त्याच पावली जाऊन आईचं सामान बांधलं असतं. माझ्यापुढे शपथ होती, विहीर होती, आणि खरं सांगायचं तर माझे रविवारही होते.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं.

त्याचा चेहरा इतका सैल पडला की मला त्याच्याकडे बघवेना. "तुम्ही बोललात, आता टेन्शन नाय," म्हणाला. जाताना पाया पडला.

त्यानंतरच्या त्याच्या शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. ऑफिसात काम निघालं, मग मुलाची परीक्षा, मग गाडी बिघडली. काकूंनी त्याच्यासाठी ओल्या बोंबलांचं कालवण करून ठेवलेलं असायचं. ते रविवारी मी जेवायचे, आणि आवडीने जेवायचे. दोन महिने असे गेले. मग एका रविवारी ताट वाढता वाढता काकूंनी विचारलं,

"त्याला तू काय सांगितलंस गो?"

"बऱ्या आहेत म्हणून."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मग बरोबर हाय."

मला वाटलं होतं, त्या खूश होतील. वाडी राहिली होती ना. पण त्या ताटाशी तशाच बसून राहिल्या. इतकी वर्षं त्या बरं हाय म्हणायच्या आणि मुलाला ते खरं वाटत नसे, म्हणून तो येत असे. घोर होता म्हणून गाडी काढून यायचा, विहिरीपाशी जाऊन बघायचा, आईच्या चेहऱ्याकडे बघायचा. मी माझा एक शब्द देऊन त्याचा तो घोर काढून घेतला होता. आता त्याला यायला कारणच उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी सुपारीची टोपली पुढ्यात ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला सांग, आयस बरी नाय."

"तुम्हीच सांगा की फोनवर."

"माझ्या तोंडातून नाय यायचं ते. जल्मात बोलले नाय. आणि मी बोलले तर त्याला वाटंल, आज कमर दुखत असंल. तू बघितलंस, तू सांग."

"वाडी जाईल, काकू."

"जाईल."

"मग?"

"मग काय. पोर दिसंल तरी."

त्या सोलत राहिल्या. मी म्हटलं, मी येते ना दर रविवारी. म्हटल्यावर लगेच ओशाळले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. "तू येतीस गो," म्हणाल्या. "तू येतीस म्हणून तर इतकं बोलायला आलं."

फोन मी लगेच केला नाही. गुरुवारपर्यंत दिवस काढले. रोज वाटायचं, केला की माझं तिथलं दार लागलं. शेवटी कॉलेजातून घरी आले, चप्पलही न काढता खाटेवर बसले आणि लावला.

"मॅडम, बोला. आई बरी आहे ना?"

"नाही."

मी विहिरीचं सांगितलं, पंपाचं सांगितलं, हे सगळं आईंनीच सांगायला सांगितलंय तेही सांगितलं.

"तुम्ही तर तेव्हा बोललात..."

"बोलले."

"निघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

महिनाभरात काकू मुलाकडे राहायला गेल्या. त्याने जबरदस्ती केली नाही, उलट दोनदा विचारलं म्हणे. वाडीचा व्यवहार झाला. जाताना त्यांनी मला सुपाऱ्या दिल्या, तांदूळ धुवायची एक जुनी रोवळी दिली, आणि गाडीत बसल्यावर काच खाली करून माझ्याकडे बघत राहिल्या. आता तिथे पत्रे ठोकून आत खोदकाम चाललंय. माझी प्रश्नावली पुरी झाली, मॅडमनी पाठ थोपटली. माणसं खरी उत्तरं देतात, असं तिच्याबद्दल म्हणता येतं. रविवारी मी कपडे धुते, पेपर वाचते, पुन्हा तोच पेपर वाचते.

काकूंचा फोन येतो अधूनमधून. चौदाव्या मजल्यावरून. मुलगा सकाळी जातो तो दिवेलागणीनंतर येतो, सून तशीच, नातवाला क्लास. मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी विचारलं, "कशा आहात?"

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

मी इतक्या माणसांना विचारून आले, तरी मला यातलं खरं किती ते कळेना. मुलाला कळत नसे तसंच. मग त्यांनी विचारलं, "तू कशी हायस?" तोंडात उत्तर तयार होतं. ते मी गिळलं.

"माझं बरं नाही, काकू. अजिबात बरं नाही. रविवार जात नाही."

मागे टीव्हीवर कोणीतरी भाजीची कृती सांगत होतं. मला वाटलं, फोन बाजूला ठेवून उठल्या बहुतेक.

"माझं पण नाय गो," त्या म्हणाल्या.

"येऊ का मी?"

"विचारतीस काय," त्या म्हणाल्या, आणि मग कुठली एसटी, कुठे उतरायचं, रिक्षावाल्याला बिल्डिंगची कुठली खूण सांगायची, हे सगळं मला दोनदा सांगितलं.